युक्रेनने २०२२ मध्ये स्वतःचंच डेमिडिव्ह गाव पाण्याखाली का घातलं?

थोडक्यात सांगायचं तर रशियन रणगाडे कीव्हपर्यंत पोहोचू नयेत म्हणून. पण खरी मेख तिथल्या भूगोलात आहे. डेमिडिव्ह कीव्हच्या उत्तरेला, इर्पिन नदीकाठी. ही नदी कीव्हच्या जलाशयाला मिळते खरी, पण १९६०च्या दशकात नीपरवर धरण बांधून केलेल्या या जलाशयाची पातळी नदीखोऱ्यापेक्षा काही मीटर उंच! म्हणून कोझारोविची गावाजवळ बांध घातलेला, आणि नदीचं पाणी पंपाने वर चढवून जलाशयात सोडावं लागतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनने तो बांध फोडला. पाणी उलटं खोऱ्यात घुसलं, शेतीखाली आणलेल्या जमिनीची पुन्हा दलदल झाली, रणगाडे अडले.

किंमत गावकऱ्यांनी मोजली. तळघरं पाण्याने भरली, परसातल्या भाजीच्या वाफ्यांत चिखल साचला. मार्चअखेर रशियन सैन्य मागे हटलं तरी पाणी हटायला कित्येक आठवडे गेले. तरीही बहुतेकांची तक्रार नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांतून दिसतं.

नदीने शत्रूला रोखायची ही पहिली खेप नव्हे. जुलै १९४१ मध्ये जर्मन फौजाही इर्पिनपाशी अडल्या होत्या. कीव्ह पडलं ते थेट १९ सप्टेंबरला, तेही समोरून नव्हे, वेढा पडल्यामुळे.