जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा ऑइल कूलर गळतोय. इंजिन उतरवावंच लागेल का?

तुम्ही लातूरहून विचारलंय: 2006 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, पुढच्या बाजूला जमिनीवर रोज तेलाचा डाग पडतो. गॅरेजवाला म्हणतो ऑइल कूलर गेला, इंजिन उतरवावं लागेल, त्यापेक्षा गाडी विकून टाका.

विकू नका. आणि कूलरसाठी इंजिन तर अजिबात उतरवू देऊ नका.

माझ्याकडे हीच गाडी आहे, तुमच्यापेक्षा एक वर्षानं जुनी. मी संभाजीनगरचा, म्हणजे गाडीच्या माहेरचाच. 2001 पासून इथं शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टाव्हिया जोडल्या जायच्या. माहेर जवळ असलं म्हणून पार्ट लगेच हातात पडतो असं मात्र नाही.

आपल्या 1.8 टर्बोचा कूलर म्हणजे समोरच्या जाळीमागचा छोटा रेडिएटर नव्हे. ऑइल फिल्टर आणि त्याचं हाउसिंग (फिल्टर ज्यावर बसतो ते इंजिनवरचं घर) यांच्या मधे बसवलेली एक गोल डबी आहे ती. डबीत एका बाजूनं तेल खेळतं, दुसऱ्या बाजूनं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), मधे पातळ पत्रे. डबी स्वतः बाहेरून फुटल्याचं क्वचितच दिसतं. गळते ती तिची आणि हाउसिंगची मधली रबरी रिंग. वीस वर्षं तेलात उकळून रबर काचेसारखं ताठ होतं, त्यात कुणाचा दोष नाही.

पण तेल तिथूनच येतंय, हे आधी सिद्ध करा. इथंच मी पैसे घालवले. मलाही कूलर गेलाय असंच सांगितलं होतं. मी रिंग बदलली, डाग तसाच. मग डबी बदलली, तरीही तसाच. शेवटी जालना रोडकडच्या एका जुन्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "साहेब, पत्रा वर गळतोय अन् तुम्ही खाली फरशी बदलताय." झालं होतं असं, की हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला कॅमच्या साखळीला ताण देणारा टेन्शनर असतो, त्याचं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) सुटलं होतं. तेल ब्लॉकवरून ओघळत, पंख्याच्या वाऱ्यानं पसरत नेमकं फिल्टरवर येऊन ठिबकत होतं. दुसरा चोर म्हणजे फिल्टर हाउसिंगवरचा ऑइल प्रेशर स्विच. त्याचा प्लग काढून बघा, आत तेल दिसलं तर चोर सापडला. स्विच बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हणून इंजिन थंड असताना डिग्रीझरनं धुवा, सुकवा, आणि फिल्टरच्या आजूबाजूला साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. मग पाच-सात किलोमीटर फिरवून आणा. ओली रेघ कुठून सुरू होते ते पावडर सांगते. गॅरेजवाला हसेल, हसू द्या.

आता दुसरी, जास्त महत्त्वाची शक्यता. कूलंटच्या टाकीचं झाकण (इंजिन पूर्ण गार झाल्यावरच) उघडा. आत पिठल्यासारखा तेलकट थर असेल तर डबी आतून गेलीय. मग बाहेरचा डाग किरकोळ समजा. इंजिन चालू असताना तापलेल्या तेलाचा दाब मिनिटाला 2000 फेऱ्यांवर साधारण तीन-चार बार असतो, कूलंटचा दीडच्या आसपास. म्हणून तेल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब क्षणात शून्यावर, पण पाणी तापलेलं असल्यानं त्याचा दाब टिकून राहतो, आणि मग पाणी तेलात शिरू शकतं. ते बेअरिंग आणि टर्बोला फार वाईट. डिपस्टिकवर दुधाळ रंग दिसला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

टाकीत तेल दिसलं की बरेच मिस्त्री थेट हेड गॅस्केट म्हणतात. असेलही. पण हेड उघडण्याआधी डबी तपासा, ती तपासणी जवळजवळ फुकट आहे. मी डबी काढून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. पाण्याच्या दोन नळ्यांपैकी एक पाइपचा तुकडा आणि बोल्ट घालून बंद केली, दुसरीला जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह क्लॅम्पनं बांधला, आणि पंचवीस-तीस पॉइंट हवा भरून टबात बुडवली. तेलाच्या भोकातून बुडबुडे आले तर डबी गेली. जमलं तर पाणी गरम घ्या, काही भेगा तापल्यावरच उघडतात.

काढायला खालून जावं लागतं. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, तेल आणि कूलंट उतरवा, फिल्टर खोला. मधल्या नळीवरचा मोठा नट सुटला की पाण्याचे दोन पाइप काढून डबी खाली येते. हाउसिंगचा पृष्ठभाग ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर पॉलिश पेपर घासू नका. कापड आणि प्लॅस्टिकची पट्टी बास. नवीन रिंगला ताजं तेल लावा. नट आवळताना डबी हातानं धरून ठेवा, ती फिरली की पाइपांना पीळ बसतो. आणि पान्याला लांब पाइप लावून जोर काढू नका.

रिंग मूळ पार्ट नंबरचीच घ्या. नाहीच मिळाली तर ऑइलसीलच्या दुकानातून त्याच मापाची व्हायटॉनची (तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची) घ्या. काळी रिंग म्हणजे सगळी सारखी नसते. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, पण तेलात भिजलं की फुगतं. पाण्यात तेल गेलेलं असेल तर कूलंटचे पाइपही याच कारणानं फुगून मऊ होतात. दाबून बघा, सुजलेले बदला. अशा वेळी सिस्टीम तीन-चारदा तरी धुवावी लागते. भांडी घासायचं लिक्विड टाकू नका, फेस आवरत नाही.

कूलंट भरताना बोअरचं पाणी वापरू नका. लातूरकरांना पाण्याचं काय सांगायचं, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव तुमचं. पण आपल्याकडचं बोअरचं जड पाणी आत क्षार धरतं आणि ॲल्युमिनियम खातं. उन्हाळ्यात रस्त्यावर नाइलाजानं टाकलंच असेल तर घरी आल्यावर काढून टाका. डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीचं पाणी, आणि योग्य कूलंट, बस्स.

सगळं बसवल्यावर आठवडाभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. माझ्या पुठ्ठ्यावर अजूनही अधूनमधून एक थेंब पडतो, पण तो पॉवर स्टिअरिंगचा आहे. त्याचं बघतो दिवाळीनंतर.