अमिनो आम्लांचा रिपोर्ट: वाचकांचे प्रश्न

बाळाच्या टाचेतल्या रक्ताची चाचणी झटपट झाली. मग आता शिरेतून रक्त घेऊन लांबलचक तपासणी कशासाठी?

पहिली चाळणी होती, ही खातरजमा आहे. टँडम मास स्पेक्ट्रोमीटर कागदावर सुकवलेल्या थेंबातले रेणू वजनावरून ओळखतो. एका नमुन्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. पण ल्यूसिन, आयसोल्यूसिन आणि अॅलोआयसोल्यूसिन यांचं वजन एकच. मेपल सिरप युरिन या जन्मजात आजाराची (यात काही अमिनो आम्लांचं विघटन होत नाही) खरी खूण असते अॅलोआयसोल्यूसिन, आणि नेमकी तीच या गर्दीत लपते. म्हणून अमिनो आम्लं कॉलममधून, म्हणजे खास भरलेल्या नळीतून, एकेक वेगळी करावी लागतात. त्याला साधारण दोन तास लागतात. 1958 साली स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी असं पहिलं स्वयंचलित यंत्र मांडलं, तेव्हा जवळपास अख्खा दिवस जायचा!

मी प्रयोगशाळेत काम करतो. एका नमुन्यात आर्जिनिन हे अमिनो आम्ल कमी, ऑर्निथिन जास्त. यंत्राचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळवणी) बिघडलं असेल का?

कॅलिब्रेशनला हात लावण्याआधी प्लाझ्माचा रंग बघा. लालसर आहे? मग तांबड्या पेशी फुटल्यात. त्यांच्यातलं आर्जिनेज हे विकर आर्जिनिनचं ऑर्निथिन करून टाकतं. सोबत अॅस्पार्टेट, ग्लुटामेट, टॉरिनही चढतात. पेशी शाबूत असूनही नमुना बाहेर पडून राहिला, तर ग्लुटामिन घटून ग्लुटामेट वाढतं. रक्त घेतल्यावर लगेच बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, सल्फोसॅलिसिलिक आम्लाने प्रथिनं काढा आणि प्लाझ्मा गोठवा. नॉरल्यूसिनसारखं अंतर्गत प्रमाण (ठरलेल्या मात्रेत मुद्दाम मिसळलेला पदार्थ) घातलं की पिपेटिंगमधली चूक पकडता येते. ते घालण्याआधी नमुन्याचं जे बिघडलं, ते मात्र त्याला दिसत नाही. माझ्या मते यंत्रावर उगाच संशय घेण्यात आपला बराच वेळ जातो.

अमिनो आम्लांना रंग देणाऱ्या निनहायड्रिन या रसायनाचं मोजमाप दोन तरंगलांबींवर का?

बहुतेक अमिनो आम्लं त्याच्याशी जांभळा रंग देतात, तो 570 नॅनोमीटरवर मोजतात. प्रोलिन पिवळा देतं, म्हणून 440.

एका रिपोर्टात फेनिलॅलानिन हे अमिनो आम्ल 2, दुसऱ्यात 121. घाबरू का?

नको, एकक तपासा. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या आकड्याला 60.5 ने गुणलं की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतं. दोन्ही रिपोर्ट एकच गोष्ट सांगतायत.

अँटिबायोटिक चालू आहे, सांगायला हवं?

हो. अॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिनही निनहायड्रिनशी रंग देतात आणि आलेखात भलतीच शिखरं उमटतात.