वाचकांचे प्रश्न: ब्लॉक केलेल्या डोमेनच्या साधनाची माहितीपुस्तिका

प्रश्न: नको असलेली डोमेन (संकेतस्थळांची नावे) ब्लॉक करण्यासाठी आमच्या एका सहकाऱ्याने छोटे सॉफ्टवेअर तयार केले असून त्याची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सर्व आज्ञा आणि त्यांचे पर्याय मी लिहून काढले, तरीही वापरणारे पुस्तिका बाजूला ठेवून आम्हालाच फोन करतात. त्यात काय राहून गेले असावे?

उत्तर: आज्ञांची यादी हवीच, पण फोन करणाऱ्याची अडचण बहुधा आज्ञेची नसते. त्याचे संकेतस्थळ उघडत नसते, आणि ते आपल्या साधनाने अडवले आहे की ते संकेतस्थळच बंद पडले आहे, हे त्याला कळत नसते. म्हणून डोमेन ब्लॉक कसे करावे हे सांगण्याआधी, चुकून ब्लॉक झालेले डोमेन कसे ओळखावे आणि कसे मोकळे करावे, हे पहिल्या प्रकरणात यावे, असे माझे ठाम मत आहे. ब्लॉक केलेल्या नावाची विचारणा झाल्यावर आपले साधन काय उत्तर देते, तेही तिथेच लिहावे. काही साधने ०.०.०.० हा कुठेही न पोहोचवणारा पत्ता देतात, काही असे नावच अस्तित्वात नसल्याचे कळवतात, तर काही सूचनेच्या पानाकडे वळवतात. या शेवटच्या प्रकारात एचटीटीपीएसच्या (सुरक्षित जोडणीच्या) संकेतस्थळावर सूचनेऐवजी बहुधा प्रमाणपत्राचा, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटत नसल्याचा, इशारा झळकतो, आणि आधी कल्पना नसेल तर वापरणारा घाबरून जातो.

सर्वाधिक वेळ द्यावा तो नियम कशाला लागू होतो हे सांगण्यासाठी. होस्ट्स फाइलमध्ये (संगणकातच असलेल्या नावे व पत्त्यांच्या यादीत) ‘एक्झाम्पल.कॉम’ अशी ओळ लिहिली तर तेवढेच नाव अडते. त्यापुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले नाव मोकळेच राहते, कारण त्या फाइलमध्ये ‘याखालील सर्व उपडोमेन’ असे सांगण्याची सोयच नाही. उलट काही डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) साधनांत तीच नोंद सर्व उपडोमेन अडवते. आपले साधन केवळ नावाचा शेवट जुळवून पाहत असेल, तर ‘नॉटएक्झाम्पल.कॉम’ हे भलतेच डोमेनही अडकेल. नियमित पदावली (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहिण्याची पद्धत) वापरत असाल, तर तिच्यात साधा टिंब कोणत्याही एका अक्षराशी जुळतो, ही गोष्टही नमूद करावी. माझी विनंती अशी, की या ठिकाणी परिच्छेदांवर परिच्छेद लिहू नयेत. एक नियम घेऊन त्यासमोर पाच-सहा नावे मांडावीत आणि प्रत्येकापुढे ‘अडेल’ किंवा ‘अडणार नाही’ एवढेच लिहावे. देवनागरी लिपीतील डोमेन नावे डीएनएसमध्ये ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या रूपात साठवली जातात, तेव्हा यादीत कोणते रूप लिहायचे हेही उदाहरणासह दाखवावे.

एकच डोमेन ब्लॉकच्या यादीतही असेल आणि अपवादांच्या यादीतही, तर कोणती यादी वरचढ ठरते, हे एका वाक्यात सांगून टाकावे.

प्रत्येक नोंदीसोबत कारण, तारीख आणि ती करणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत मात्र पुस्तिकेनेच घालून द्यावी. एका जुन्या यादीत मी एका डोमेनपुढे केवळ ‘तात्पुरते’ एवढाच शेरा पाहिला आहे. तो कोणी आणि कशासाठी लिहिला हे कोणालाच ठाऊक नसल्याने ती ओळ काढण्याचे धाडस कोणी करत नव्हते. बाहेरून आणलेल्या तयार याद्यांची अडचण याहून मोठी असते, कारण हाताने काढलेले डोमेन यादी पुन्हा अद्ययावत झाली की परत येते. अशा वेळी मूळ यादीला हात न लावता अपवाद नोंदवावा, हे ठळक अक्षरांत हवे.

डोमेन मोकळे केल्यावरही ते लगेच उघडेलच असे नाही, कारण जुने उत्तर संगणकाच्या किंवा ब्राउझरच्या कॅशेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टिकून असते. उत्तरासोबत आलेली मुदत ३६०० सेकंदांची असेल तर ते तासभर तसेच राहू शकते. कॅशे रिकामी करण्याची कृती तिथेच द्यावी, वाचकाला दुसऱ्या प्रकरणात पाठवू नये. तसेच ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसवरून डीएनएसची सोय (नावाची विचारणा सुरक्षित जोडणीने थेट बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवणारी) चालू असेल, तर विचारणा आपल्या डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही आणि ब्लॉक केलेले डोमेनही उघडते. साधनाची ही मर्यादा लपवू नये.

प्रश्न: उदाहरणांत खरी डोमेन वापरली तर चालतील का?

उत्तर: कृपया वापरू नयेत. वाचक उदाहरण जसेच्या तसे उचलून आपल्या यादीत चिकटवतो, आणि ज्याचा काही दोष नाही असे संकेतस्थळ त्याच्याकडे बंद होते. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या आरएफसी मालिकेतील १९९९ मधील आरएफसी २६०६ या दस्तऐवजाने ‘एक्झाम्पल.कॉम’ आणि त्याची ‘नेट’ व ‘ऑर्ग’ ही भावंडे अशा उदाहरणांसाठी राखून ठेवली आहेत, तर चाचणीसाठी ‘टेस्ट’ हा प्रत्यय दिला आहे. पत्त्यांच्या उदाहरणांसाठी १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते राखीव आहेत; तेच वापरावेत.