विचारा की! : लग्नाची डीव्हीडी एकाच फाइलीत

प्रश्न : ताईच्या लग्नाच्या डीव्हीडीवर ओरखडे पडले म्हणून स्टुडिओवाल्याकडं गेलतो, त्यांनी पेनड्राइव्हवर एकच फाइल टाकून दिली, नावाच्या शेवटी आयएसओ. डबल क्लिक केलं की विनरार (झिपसारख्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) उघडतंय, आत नुसती फोल्डरं, व्हिडिओ काही लागंना. नेट कॅफेवाला म्हणतो कोरी डिस्क आणा, राइट करून देतो. आमच्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. काय करावं?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : कोरी डिस्क अजिबात आणू नका दादा. आयएसओ म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत, आणि विंडोज ८ पासून पुढं ती उघडायला वेगळं काही टाकावं लागत नाही. तुमच्याकडं विनरारनं मधीच हक्क सांगितलाय एवढंच. फाइलीवर राइट क्लिक, ओपन विथ, त्यात विंडोज एक्सप्लोरर. लगेच धिस पीसीमधी एक नवीन डीव्हीडी ड्राइव्ह दिसंल, खरी नसलेली, पण कॉम्प्युटरला ती खरीच वाटते. आत व्हिडिओ_टीएस फोल्डर असंल, त्यातल्या मोठमोठ्या व्हीओबी फाइली म्हणजे तुमचं लग्न, एक जीबीच्या आसपास तुकडे पाडलेले, म्हणून हळद एका फाइलीत अन् अक्षता दुसऱ्या फाइलीत सापडतील, घाबरू नका. सगळं सलग बघायचं तर व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर उघडून आयएसओ फाइलच त्यात ओढून टाका, मेनूसकट चालतंय. बघून झालं की त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट. आतलं काही पुसलं जात नाही, ते फक्त वाचायपुरतं असतं, त्यामुळं पोरं बिनधास्त बघू द्या. विंडोज ७ असंल तर सेव्हन-झिप फुकट मिळतंय, त्यानं आतल्या फाइली बाहेर काढून घ्या.

आणि एक, ही फाइल पाहुण्यांना द्यायला दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकताना जागा असूनही फाइल मोठी आहे म्हणून कॉम्प्युटर नाही म्हणाला, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसतच नाही. एक्सफॅटमधी फॉरमॅट करा, आधी आतलं दुसरीकडं काढून ठेवून, नायतर बोंब.

प्रश्न : जुन्या व्हीसीडीची कॉपी आहे, एक बिन अन् एक क्यू फाइल. बिनचं नाव बदलून आयएसओ केलं तरी उघडंना.
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाव बदलून जात बदलत नाही हो. बिनमधी डिस्कवरचा सगळा मजकूर असतो, क्यूत फक्त त्याची मांडणी लिहिलेली. आयएसओत दर सेक्टरला (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याला) २०४८ बाइट असतात, बिनमधी बहुतेक वेळा पूर्ण २३५२, अन् विंडोज हा प्रकार स्वतःहून उघडत नाही. बिनचं नाव पहिलं होतं तसं करा, विनसीडीइम्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि क्यू फाइलीवर डबल क्लिक करा. मग एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसीत चालंल. तरी अडलं तर क्यू फाइल नोटपॅडमधी उघडा, दोन-चार ओळीच असतात, बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत बिनचं जे नाव लिहिलंय तेच नाव फोल्डरमधल्या बिनला पाहिजे.