झुल्यावरून हॉलिवूडकडे: एका आईच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपण न्यू जर्सीहून लिहिता की, बारावीतली आपली कन्या झुल्यावरच्या कसरती शिकते, महाविद्यालयात न जाता थेट सर्कशीत शिरून पुढे हॉलिवूड गाठायचे असा तिचा हट्ट आहे आणि सर्कशीतून हॉलिवूडमध्ये गेलेले अभिनेते बर्ट लँकेस्टर यांचा दाखला ती वारंवार देते. दाखला उत्तम आहे, मात्र तो तिने पूर्ण समजून घ्यावा.

लँकेस्टर न्यूयॉर्क विद्यापीठातले शिक्षण अर्धवट सोडून मित्र निक क्रॅव्हॅट यांच्याबरोबर के ब्रदर्स सर्कशीत आडव्या बारवरच्या कसरती करू लागले, हे खरे. परंतु 1939 मध्ये हाताला दुखापत होऊन ते काम सुटले. त्यानंतर विक्रेत्याची नोकरी, महायुद्धात सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकातली सेवा, 1945 मध्ये ब्रॉडवेवरचे नाटक आणि 1946 मध्ये पडद्यावर पदार्पण, असा त्यांचा प्रवास झाला. हेरॉल्ड हेक्ट यांच्यासारखा जाणता एजंट त्यांना लाभला तोही नाटकामुळे. पुढे दोघांनी काढलेल्या संस्थेच्या ‘मार्टी’ला 1955 च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. क्रॅव्हॅट यांची कसरत तितकीच तोलामोलाची होती, तरीही लँकेस्टर यांच्या ‘द क्रिमझन पायरेट’ या चित्रपटामध्ये (1952) त्यांच्या वाट्याला मुक्याची भूमिका आली, कारण त्यांचे ठसकेबाज न्यूयॉर्की उच्चार जुन्या काळच्या कथेत खटकले असते. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आपल्या कन्येने आवाज आणि अभिनयाचे शिक्षण आजपासूनच घ्यावे.

महाविद्यालय आणि सर्कस यांत निवड करण्याची गरजच नाही. टालाहासी येथील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात 1947 पासून विद्यार्थ्यांची ‘फ्लाइंग हाय’ सर्कस चालते. तिथे विद्यार्थी आपापली पदवी घेता घेता झुल्यावर काम करतात, शिवाय दोर व साधने बांधण्याचे कामही स्वतःच शिकतात. याच विद्यापीठात चित्रपटकलेचे महाविद्यालयही आहे. आजच्या स्टंट विभागांत उंचावर काम करणाऱ्याइतकाच सुरक्षित बांधणी जाणणाराही लागतो, आणि 2027 मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट आरेखनाला स्वतंत्र ऑस्कर दिले जाणार आहे. दुखापतीमुळे झुला सुटला, तरी हे काम तिच्या हाती राहील.

अर्ज करण्यापूर्वी तिचे खांदे व मनगटे क्रीडावैद्यकातील डॉक्टरांना अवश्य दाखवावीत, आणि विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा तिला सर्कशीच्या सरावाला बसवून तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्यावे.

आपला नम्र,
करिअर मार्गदर्शक