एमपीआय (अनेक प्रोसेसना एकमेकांना संदेश पाठवून एकत्र काम करू देणारी पद्धत) वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकूण किती प्रोसेस आहेत हे कसं काढायचं? माझ्याकडे 4 दिल्या तरी उत्तर 1 च येतं.

आकडा काढायला एकच फंक्शन लागतं: 'एमपीआय कॉम साइझ'. त्याला 'एमपीआय कॉम वर्ल्ड' हा कम्युनिकेटर (म्हणजे सगळ्या प्रोसेसचा गट) आणि एका इंट व्हेरिएबलचा पत्ता द्या, आकडा त्यात येऊन बसतो. फक्त 'एमपीआय इनिट' (एमपीआय सुरू करणारं फंक्शन) आधी झालेलं हवं. रँक (प्रत्येक प्रोसेसचा क्रमांक) 0 पासून मोजतात, म्हणजे 4 प्रोसेस असतील तर शेवटची रँक 3.

आता तुमचा 1. स्क्रीनवर 'रँक 0, एकूण 1' ही ओळ चार वेळा उमटतेय का? मग कोडला दोष देऊ नका. बहुतेक वेळा कंपाइल एमपीआयच्या एका सॉफ्टवेअरने झालेलं असतं (समजा एमपिच) आणि प्रोसेस सुरू करणारी कमांड, एमपीआयरन, दुसऱ्याची असते (समजा ओपन एमपीआय). दोघांची भाषा जुळत नाही, मग चारही प्रोसेस स्वतःला एकट्याच समजतात. मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तीही लूप तपासत! टर्मिनलवर 'विच' कमांडने एमपीसीसी (कंपाइल करणारी कमांड) आणि एमपीआयरन एकाच फोल्डरमधले आहेत का बघा.

ओळ एकदाच आली, तर एमपीआयरनशिवाय थेट प्रोग्रॅम चालवला असणार. तेव्हा 1 हेच बरोबर उत्तर.