कळलावी की बचनाग?

बस्तरच्या कांगेर खोऱ्यातून परतलेल्या कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. पावसाळा असल्याने कुटुमसरची गुहा बंद होती, पण आसपासच्या चुनखडीच्या डोंगरात झुडपांवर चढलेल्या एका वेलीला लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुलं दिसली. तिथल्या वाटाड्याने नाव सांगितलं 'कलिहारी'. पुण्यात फोटो दाखवला तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हा तर बचनाग!" मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कळलावी म्हणा. फोटोत पानाचं टोक पाहा, म्हणजे शंका उरणार नाही. ते निमुळतं होत दोऱ्यासारखं वळतं आणि जवळच्या काटकीला विळखा घालतं. वेल चढते ती अशी, पानांच्या टोकांनी. पाकळ्या सहा, कडा नागमोडी, सगळ्या मागे उलटलेल्या. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं आणि जुनं होत जाईल तसं शेंड्याकडून लाल होतं, म्हणून एकाच वेलीवर वेगवेगळ्या रंगांची फुलं दिसतात. चुनखडी मात्र ओळखीची खूण धरू नका. आपल्या काळ्या पाषाणाच्या सह्याद्रीतही पावसाळ्यात हीच वेल फुलते.

आता नावाकडे. 'कळ' म्हणजे वेदना आणि 'कळ' म्हणजे भांडणही. बाळंतपणात अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून हिचा कंद उगाळून लेप लावत, तिथून 'कळलावी' आलं असं एक मत. दुसरं मत असं की हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात या समजुतीवरून नाव पडलं. 'कळलाव्या' माणूस आपण म्हणतो तोच अर्थ. मला यातलं एकच खरं मानण्याचं कारण दिसत नाही, कारण संस्कृतातही दोन्ही धागे आहेत. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हिला 'गर्भनुत्', म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, म्हटलं आहे, आणि 'कलिकारी' म्हणजे कलह लावणारी हेही हिचंच नाव. नारदाला 'कलिकारक' म्हणतात, हे लक्षात घेतलं की आपला 'कळीचा नारद' आणि ही वेल किती जवळची आहेत ते कळतं! वाटाड्याचं 'कलिहारी' भावप्रकाशात जसंच्या तसं सापडतं. तिथेच 'लांगली' आणि 'हलिनी' ही नावंही आहेत, कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून.

काकूंचं 'बचनाग' मात्र टाळा. आपल्याकडे काही जण कळलावीला ते नाव देतात, हे खरं. पण मूळ बचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयातली निळ्या-जांभळ्या, शिरस्त्राणासारख्या फुलांची वनस्पती. त्यातला 'नाग' सापाचा नाही, 'नाभ'चा अपभ्रंश आहे. दोन्ही जहाल विषारी, पण विषं वेगळी: कळलावीत कोल्चिसिन, बचनागात अकोनिटिन. औषधी वनस्पतींबद्दल लिहिताना हा घोळ जिवावर बेतू शकतो. कळलावीच्या 'वाघनखी' या आणखी एका नावाचीही तीच गत, कारण आकडेदार फळांच्या 'विंचू' या रोपालाही वाघनखी म्हणतात. 'अग्निशिखा' सुंदर आहे, पण बोलण्यात फारसं येत नाही. 'खड्यानाग' गावाकडे चालतं, तिथे जरूर वापरा.

प्रवासवर्णनात लिहिणार असाल तर 'कळलावी' लिहून कंसात 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे शास्त्रीय नाव द्या. आणि कंद आणला असेल तर लहान मुलं नि जनावरं यांच्यापासून लांब ठेवा. सगळ्यात जास्त विष त्यात आणि बियांत असतं.